राहीआत्याची बरणी

आमच्या तपासणीच्या खोलीत सकाळचा उजेड एकदम येत नसे. पूर्वेच्या खिडकीच्या वरच्या काचेवर कित्येक महिन्यांची कापसाची धूळ बसली होती. तिथे आधी एक करडा डाग उमटे. मग तो डाग सावकाश पिवळा होई, काचेच्या कडेने खाली उतरे आणि खिडकीसमोर आडव्या बसवलेल्या लाकडी दांडीपाशी येऊन थांबे. त्या दांडीवरून कोऱ्या कापडाचा ताका ओढत न्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि विणीतले दोष हेरायचे, हे माझे काम होते. कापडामागून येणारा तो प्रकाश पातळ दुधासारखा दिसे. त्याला ना ऊन म्हणता येई, ना सावली. हवेत तरंगणारे तंतू त्यात दिसू लागत, आणि शेजारच्या शेडमधल्या लूमच्या खडखडाटाने तेही थरथरत आहेत असे मला वाटत राही. एखाद्या ठिकाणी आडवा धागा सुटलेला असला की तिथे उजेडाची एक बारीक, तीक्ष्ण रेघ उमटे. मी तिथे खडूने खूण करी आणि ताका पुढे ओढी. बाहेर भिवंडीचा रस्ता जागा होई, रात्रीच्या शिफ्टचे कामगार डोळे चोळत घरी जात, सुताच्या पेट्यांच्या हातगाड्या दारात येऊन उभ्या राहत. त्या खिडकीत मात्र उजेडाला कसलीही घाई नसे. तास-दीड तास तो नुसता चढत राही, आणि मी त्याच्याकडे पाहत राही. पाहणे मला जमत असे. बोलणे जमत नसे.

एकोणीसशे शहात्तर सालच्या जानेवारीतल्या अशाच एका सकाळी आमच्या खात्याचे मुकादम इद्रीसभाई दारातून ओरडले, "अरे रघू, तेरी बुआ आयी है! गेट पे बैठी है, और वॉचमन को डाँट रही है."

मी धावत गेलो. राहीआत्या सुताच्या रिकाम्या पेटीवर बसली होती. तिचा उजवा हात पदराआड पोटावर दाबलेला होता, आणि डाव्या हाताचे बोट वॉचमनच्या नाकासमोर नाचत होते. "तुज्या बायकोला सातवा महिना लागला, आनि पाण्याचा हंडा तीच वाहते? तुजे हात काय बँकेत ठेवलेस?" बिचारा वॉचमन जौनपूरचा, त्याला शब्द कळत नव्हते, पण दटावणी पुरेपूर कळत होती.

"आत्या, काय झालं?"

"काय न्हाय रं. पोटान दुखतंय परवाधरना, उजव्या अंगाला. पयलं वाटलं वारा धरला. आज पहाटे निजून हात लावून बघितला तं आत टणक लागतंय. हे माज्या हातचं काम न्हाय, डॉक्टराचं हाय. चल."

खारबावहून ती एस.टी.ने उभी आली होती, कारण गाडीत बसले की धक्क्यांनी कळ येत होती. स्वतःच्या पोटावर स्वतः हात ठेवून स्वतःविषयी इतका स्वच्छ निर्णय देणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

राहीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी चार वर्षांचा असताना माझी आई तापाने गेली, आणि तेव्हापासून आत्यानेच मला वाढवले. खारबाव आणि भोवतालच्या पाच-सहा गावांत ती चाळीस वर्षे सुईणपण करीत होती. खाजणातल्या चिखलातून, भर उन्हातून बोलावणे आले की ती निघे. त्या टापूतल्या निम्म्या तरण्या माणसांना जगात प्रथम स्पर्श झाला तो तिच्या हातांचा, आणि त्यांत मीही होतो. मोठे, खरखरीत, विलक्षण शांत हात. घाबरलेल्या बाईच्या कपाळावर ते टेकले की तिचा श्वास खाली बसे, हे मी लहानपणी दाराआडून ऐकले आहे.

टेमघरच्या रस्त्यावर डॉक्टर उमराणींचा दहा खाटांचा दवाखाना होता. डॉक्टर किडकिडीत, पन्नाशीचे, बोलायला तुटक. त्यांनी पोट तपासले आणि दुपारीच अपेंडिक्सचे ऑपरेशन करायचे ठरवले. आत जाताना आत्या त्यांना म्हणाली, "डॉक्टर, टाका बारीक घाला हां. मना अजून वाकायचं हाय, लोकांच्या पोरी सोडवायच्या हाइत."

दीड तासाने डॉक्टर बाहेर आले. हातात एनॅमलचा ट्रे होता. काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवायचा, ही तिथली रीतच होती. माझ्या करंगळीहून थोडे लांब, लालसर, सुजलेले असे काहीतरी त्यात पडले होते.

"नुसतं सुजलेलं असतं तर मी काही बोललो नसतो," डॉक्टर म्हणाले. "पण इथे, मुळाकडच्या बाजूला, बोटाला कठीण लागतंय. गाठ आहे. त्यात गाठ किती आणि सूज किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही." त्यांनी तो तुकडा रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये सोडला, झाकण घट्ट फिरवले आणि एक चिठ्ठी लिहिली. "उद्या सकाळी मुंबईला जा. हा प्रयोगशाळेचा पत्ता. उशीर करू नकोस."

आमच्यासारख्या गावात तेव्हा हे काम नातेवाइकांनीच करायचे असे. बरणी मांडीवर घेऊन माणसे मुंबईला जात, आणि काही दिवसांनी कागद घेऊन परत येत.

मला मात्र एकच शब्द ऐकू आला होता. माझ्या वडिलांच्या गळ्यातही अशीच एक गाठ आली होती. मुंबईहून तिचे नाव कागदावर लिहून आले, आणि त्यानंतर ते चार महिने जगले. कागद येईपर्यंत ते शेतावर जात होते, हसत होते, जेवत होते. मला तेव्हापासून असे वाटू लागले होते की गाठीने नव्हे, कागदाने त्यांना नेले.

आत्याला खाटेवर आणून निजवले. तिच्या श्वासाला ईथरचा गोडसर, उग्र वास येत होता. मी बरणी छातीशी धरून उशाशी उभा होतो. तिचे ओठ हलले.

"मातीत दे," ती म्हणाली. "भायेर ठेवू नको. मातीत दे."

मी हो म्हणालो.

तिच्या मनात काय होते, हे मला समजावून सांगण्याची गरज नव्हती. बाळंतपणानंतर पडणारी वार आत्या कधीच उकिरड्यावर जाऊ देत नसे. मडक्यात घालून, वर हळद-कुंकू आणि चिमूटभर तांदूळ ठेवून, ती घराच्या मागल्या अंगाला खोल पुरायची. शरीरातून जे निघाले ते त्याच्या मातीला परत गेले पाहिजे, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. आमच्या घरामागे, परसातल्या शेवग्याजवळ, माझीही वार होती. मी लहान असताना ती जागा दाखवून आत्या म्हणे, "हे तुजं पयलं घर. ह्याच्यावर धावत जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईच्या गाडीत बसलो नाही. खारबावच्या बसमध्ये बसलो. शेवग्याजवळ कुदळीने खड्डा केला. बरणी उघडून आतला तुकडा हातात घेण्याचे धैर्य मला झाले नाही; म्हणून झाकणासकट, होती तशीच, मी ती मातीत ठेवली. वर हळद घातली, माती लोटली आणि तळहात धुतले. परतताना मला फार दिवसांनी हलके वाटत होते. आत्याचा शब्द आपण पाळला, असे मी स्वतःला सांगत होतो.

पुढचे दिवस आत्याने दवाखाना आपला करून टाकला. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, पाचव्या दिवशी चालू लागली. शेजारच्या खाटेवरच्या पहिलटकरणीचे पाय तिने चेपले, आणि त्या पोरीच्या सासूला, "रडतेय तं रडू दे, तू काय हसत हसत जल्माला घातलास तुजा पोरगा?" असे सुनावले. डॉक्टर फेरीला आले की तीच त्यांना विचारी, "जेवलात काय? डोळे खोल गेलेत तुमचे." ते तुटक बोलणारे गृहस्थ तिच्या खाटेपाशी मात्र दोन मिनिटे जास्त थांबू लागले.

दहाव्या दिवशी टाके काढले. हात धुता धुता डॉक्टरांनी मला विचारले, "रिपोर्ट आणलास?"

"अजून आला नाही."

"दहा दिवस झाले. कमाल आहे. मीच ट्रंक कॉल लावतो." ते फोनकडे वळले, आणि माझ्या घशातून आपोआप शब्द निघाले.

"मी बरणी नेलीच नाही, डॉक्टर. आत्याने मातीत द्यायला सांगितलं. मी खारबावला पुरली."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते तडक आत्याच्या खाटेपाशी गेले. मी मागून गेलो.

"राहीबाई, तुमच्या पोटातून काढलेला तुकडा पुरायला तुम्ही सांगितलंत?"

आत्याने डॉक्टरांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी क्षणभरच माझ्यावर राहिली असेल. मी जमिनीकडे पाहत होतो, तरी ती मला कळली.

"व्हय," ती म्हणाली. "मीच सांगितलं."

"चाळीस वर्षं सुईणपण करता आणि एवढंही कळू नये? तो तुकडा म्हणजे वार नव्हे! त्यात गाठ होती. ती कोणत्या जातीची, त्यावर तुमचं पुढचं सगळं अवलंबून आहे."

"मग त्या जाती मना सांगा."

"तुम्हाला सांगून काय—"

"पोट माजं हाय ना? मग मनाच सांगा. ह्या पोराला नका सांगू, तो आदीच घाबरलाय."

डॉक्टर थांबले. मग स्टूल ओढून खाटेजवळ बसले. त्यांचा राग आवाजातून हळूहळू उतरत गेला.

"या जागी गाठ क्वचितच होते," ते म्हणाले. "शंभर-दोनशे अपेंडिक्स काढाव्यात तेव्हा एखादीत सापडते. एक जात कार्सिनॉइडची. पिवळसर, कठीण, बहुधा टोकाशी, वाटाण्याएवढी. तेवढीच असली तर अपेंडिक्सबरोबर तीही गेली. माणूस आपलं पुरं आयुष्य जगतो. पण दोन सेंटिमीटरहून मोठी असली, किंवा मुळाशी असली, तर ती पुढे सरकण्याचा धोका असतो. मग उजवीकडचं थोडं मोठं आतडं काढावं लागतं. तेवढं वेळेवर केलं तर बहुतेक माणसं बरी होतात."

"दुसरी?"

"दुसरीत अपेंडिक्स चिकट, बुळबुळीत द्रवाने फुग्यासारखी फुगते. फुगा न फुटता काढला आणि त्याच्या आवरणात वाईट पेशी नसल्या, तर काम संपलं. पण तो पोटात फुटला तर तो चिकटपणा सगळ्या पोटात पसरतो आणि पुन्हा पुन्हा साठतो. माणूस कित्येक वर्षं काढतो, पण पोट पुन्हा पुन्हा उघडावं लागतं."

"आनि तिसरी सगळ्यांत वाईट."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमी ती शेवटाला ठेवली म्हणून."

डॉक्टर हसले; मी त्यांना हसताना प्रथमच पाहिले. "तिसरी म्हणजे खरा कॅन्सर. मोठ्या आतड्यात होतो तसा. तिथे वेळ दवडून चालत नाही. लवकर मोठं ऑपरेशन केलं तर निम्म्याहून जास्त माणसं पाच वर्षांनीही हिंडताफिरताना दिसतात. नुसती अपेंडिक्स काढून घरी बसलेली मात्र फार थोडी."

आत्याने पांघरुणावरून पोटावर हात ठेवला. "म्हंजे बाळंतपणासारखंच हाय," ती म्हणाली. "एक डोक्यानं येतं, एक पायाळू, एक आडवं. भायेरना पोट सारखंच दिसतं. हात लावल्याबिगर सुईण बोलत न्हाय, बोलली तं ती सुईण न्हाय. तुमचं पन तसंच ना?"

"अगदी तसंच."

"मग उठा. गाडी काडा. बाटली मातीत हाय, म्हंजे गेलेली न्हाय. झाकण लावलेलं व्हतं काय रं, रघ्या?"

मी मान डोलावली.

"बघा, भित्रा हाय ते बरं हाय. धाडस असतं तं उघडली असती त्यानं."

टाके काढून तास झाला नव्हता. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितले. ती चपला शोधू लागली. अखेर डॉक्टरांच्या जुन्या फियाटमध्ये आम्ही तिघे खारबावला गेलो. परसात आल्यावर आत्या शेवग्याच्या बुंध्याला पाठ टेकून उभी राहिली आणि मातीकडे पाहू लागली. मी जागा दाखवण्याआधीच तिने बोट केले.

"हिथं खण. माती भुसभुशीत दिसतेय. आनि इतकं वर पुरतात काय? कुत्र्यानं नेली असती तं डॉक्टर कुत्र्याचं पोट फाडायला लागले असते."

वीतभर मातीखाली बरणी लागली. काचेला तडा गेला नव्हता, द्रव तसाच होता. मी ती वर उचलणार, तोच आत्याने हात पुढे केले. तिने ती दोन्ही तळव्यांवर घेतली, एक तळहात बुडाशी आणि एक मानेशी, पदराने माती पुसली आणि उजेडाकडे धरली.

"एवडंसं?" ती म्हणाली. "आनि एवड्याशासाठी तुमचा डॉक्टरलोकांचा एवडा अभ्यास?" मग तिने बरणी डॉक्टरांच्या हातात दिली, आणि अतिशय साधेपणाने म्हणाली, "चुकलं माजं."

डॉक्टरांनी बरणी घेतली. त्यांनी मान लववली. एका वडीलधाऱ्या वैद्यापुढे लववावी तशी.

त्याच दिवशी मी मुंबईला गेलो. आठ दिवसांनी कागद आला. गाठ कार्सिनॉइड होती. मात्र अडीच सेंटिमीटरची, आणि मुळाजवळ. आतड्याचा उजवा भाग काढण्यासाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दुसरे ऑपरेशन करावे लागणार होते.

"ही संथ जात आहे," डॉक्टर मला म्हणाले. "उशिराने बहुधा काही बिघडलेलं नाही. तिसरी असती तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडले, आणि मी त्यांचा ऋणी झालो.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आत्या रुग्णालयाच्या खाटेवर बसून संत्रे सोलत होती. निम्म्या फोडी तिने मला दिल्या.

"रघ्या," ती खाली बघतच म्हणाली, "मी बोललेले काय रं तसं? मातीत दे म्हणून?"

"हो."

"मना आठवत न्हाय."

मी हातातल्या फोडीतल्या बिया काढू लागलो. तिने एका फोडीवरचा पांढरा धागा काळजीपूर्वक काढला.

"बरं," ती म्हणाली. "मग माजीच चूक. आता तू खा."

ऑपरेशन नीट पार पडले. भोवतालच्या ग्रंथींत काहीही पसरलेले नव्हते. होळीपर्यंत आत्या खारबावला परतली, आणि वैशाखात पुन्हा बोलावण्यांना जाऊ लागली. फक्त आता तिची पिशवी उचलायला सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असे.

मेच्या अखेरीस अंबाडीजवळच्या एका पाड्यावर ती मला घेऊन गेली. सकाळी आठ वाजता मुलगी झाली. मी ओटीवर बसलो होतो. आतल्या बायकांचे बोलणे मला स्पष्ट ऐकू येत होते. वार हातात घेऊन आत्या ती सगळ्यांना दाखवत असावी.

"बघा, ही पुरी आली. कड तुटलेली न्हाय. अशी बघितल्याबिगर पुरायची न्हाय. आनि कुनाच्या अंगातना गाठ निगाली, डॉक्टरानं बाटलीत घालून दिली, तं ती वार न्हाय. ती काचेखाली जायला पायजे. त्या गाठीच्या जाती असतात, एक बरी, एक मधली, एक वाईट. बघितल्याबिगर कुनाला कळत न्हाय. मी येडी. चाळीस वर्सं सुईण, आनि डॉक्टराची बरणी मातीत पुरायला लावली!"

"तू?" मुलीची आजी ठमाबाई हसत म्हणाली. "राहीबाय, तू येडी तं आमी कोन गं?"

"मी बेसुद व्हते ना. पन तोंड माजंच व्हतं. म्हणून सांगते, हसा मना, पन ध्यानात ठेवा."

बायका हसल्या. तीही हसली. गेल्या महिन्याभरात ही गोष्ट तिने प्रत्येक घरात अशीच सांगितली होती, प्रत्येक वेळी स्वतःलाच वेडी ठरवून; आणि ज्या गावांत मुंबईच्या प्रयोगशाळेचे नावही कोणी घेत नव्हते, तिथल्या बायका आता दवाखान्यातून निघालेल्या बरणीविषयी आपसांत बोलू लागल्या होत्या. स्वतःची नसलेली चूक खांद्यावर घेऊन ती दारोदार हिंडत होती, आणि तिला ती जड होत नव्हती. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन ओटीवर बसलो होतो. आत जाऊन चार शब्द बोलायला उंबरठा ओलांडावा लागला असता. मी उठलो नाही.

जानेवारीतल्या त्या दुपारी, पहिल्या ऑपरेशननंतर, दवाखान्यात आत्या ईथरच्या गुंगीत ठकुबाईशी बोलत होती. त्याच्या तीन आठवडे आधी आत्याने जिला सोडवले होते आणि जिची वार पुरली होती, ती ठकुबाई. "मातीत दे" म्हणण्याआधी आत्याने दोनदा तिचे नाव घेतले होते, आणि मी ते स्पष्ट ऐकले होते. आत्याच्या पोटातल्या गाठीचे नाव मला कळायला नको होते, म्हणून मी बरणी पुरली. आत्याने मला काहीही सांगितले नव्हते.